साहेबांनी चष्मा काढला

४ मार्च, सोमवार

लेकीच्या कपाटात एक कोरी डायरी पडून होती, ती मागून घेतली. "तू काय लिहिणार गं?" म्हणाली. म्हटलं, तुझी आई आजपासून मोठी माणूस झाली आहे, मोठी माणसं लिहितात.

तर झालं असं. आमची कंपनी घरगुती शिड्या बनवते. घडीच्या, हलक्या, पंखा पुसायला नि माळ्यावरचं सामान काढायला लागतात तशा. मी विक्री विभागात. दुकानदारांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलून फोन ठेवायचा, हे माझं काम. दर सोमवारी साहेब वरच्या मजल्यावर बैठक घेतात, तिथे विभागप्रमुख जातात. आमच्यासारख्यांना वरच्या मजल्याचा फक्त जिना तेवढा दिसतो.

गेल्या आठवड्यात मी जिन्याखाली कुणाशी तरी बोलताना हसले. माझं हसणं म्हणजे काय विचारू नका. सासूबाई म्हणतात, हिच्या हसण्यानं शेजारचं दूध नासतं. साहेब नेमके जिन्यावर. थांबले. "कोण हसलं?" म्हटलं, मेले आता! तर म्हणाले, "वा! असं मोकळं हसणारं माणूस पाहिजे बैठकीत. नाहीतर आमच्याकडे सगळे सुतकी तोंडं करून बसतात."

आज गेले. साहेबांनी बँकेतल्या कुठल्याशा अधिकाऱ्याचा किस्सा सांगितला. मी हसले, माझ्यामागून सगळे हसले. निघताना साहेब म्हणाले, "यापुढे दर सोमवारी यायचं." ज्या हसण्यावरून आईची, शाळेतल्या बाईंची आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली, त्याला जन्मात पहिल्यांदा कुणी वा म्हटलं. अर्थात तेवढ्यासाठीच बोलावलं असेल असं नाही. तक्रारींचा एक तक्ता मी मुद्दाम करून नेला होता. तो बघायला आज वेळ झाला नाही, पुढच्या वेळी बघतील.

७ मार्च, गुरुवार

मास्तरांना बातमी सांगितली. मास्तर म्हणजे आमचे चाचणीवाले. शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण काहीही विचारा, फळ्यासमोर उभे असल्यासारखे मुळापासून समजावून सांगतात, म्हणून मास्तर. मी नवी होते तेव्हा मला पहिले काही महिने त्यांच्याच हाताखाली टाकलं होतं. शिडीवर वजन कसं टाकतात, पाय कुठे सरकतो, गिऱ्हाईक कुठे चुकतं, सगळं त्यांनी शिकवलं. मला धड स्क्रू पिळता येत नव्हता, पण कधी आवाज चढवला नाही.

ते बोलताना अडखळतात. लहानपणी फार होतं म्हणे, एकेक शब्द सोडवायला घाम फुटायचा. मोठेपणी त्यांनी आपलंआपणच औषध शोधलं. शब्द अडला की मांडीवर बोटानं हलकाच ठेका धरायचा. दोन ठेक्यांत हनुवटी वर होते आणि शब्द सुटतो. आता फक्त 'ख'शीच काय ती थोडी कुस्ती होते, बाकी कुणाला कळतही नाही.

ऐकून खूश झाले. "छान झालं ताई. मी तिथे शेवटच्या खुर्चीवर एकटाच असतो. आपलं म्हणावं असं कुणीतरी आलं."

१८ मार्च, सोमवार

होयबानं आज मला दीक्षा दिली. होयबा म्हणजे आमचा विक्रीप्रमुख. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा चपखल बसलंय. म्हणाला, "साहेबांच्या चष्म्यावर लक्ष ठेवायचं. चष्मा काढला की किस्सा येणार. आणि किस्सा संपेपर्यंत थांबायचं नाही. संपल्यावर काय, सगळेच हसतात! जरा आधी हसलं की साहेबांना वाटतं, ह्या माणसाला आवरतच नाहीये."

करून पाहिलं. अहो, जमलं! साहेबांचा चेहरा असा खुलला की बस.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. आज मास्तर खर्चाबद्दल काही सांगत होते आणि त्या 'ख'वर अडले. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मास्तर, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो. पुढच्या सोमवारचं बोलायचं असेल तर रविवारीच सुरू करत जा." मी हसले. आता विनोद चांगला होता, त्याला मी काय करू? आणि मी नसते हसले तर बाकीचे थोडेच थांबणार होते! मास्तरही हसले. खाली बघून हसले, पण हसले. म्हणजे मनावर घेतलं नसणार.

२० मार्च, बुधवार

मनाला चैन पडेना म्हणून खाली जाऊन विचारूनच आले. "मास्तर, परवाचं वाईट नाही ना वाटलं?"

"छे हो ताई. साहेब ग... गमतीशीर आहेत."

हायसं वाटलं. 'ग'वर ते कधी अडत नसत. दोन दिवस उकाडा वाढलाय, झोप झाली नसेल.

२४ मार्च, रविवार

नवरोबांचं शिवणाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तऱ्हा बघतात आणि रविवारी जेवताना आम्हाला सांगतात. आमच्या घरची तीच करमणूक. आज सांगत होते, "एक जण पँट घेऊन आला. म्हणतो, धुतल्यावर आटली, कमरेत बसत नाही. मी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि म्हटलं..."

मी खो खो हसले.

ते थांबले. "म्हटलं काय, ते मी अजून सांगितलंच नाही."

"अहो, कळलं मला!"

"काय कळलं?"

काय सांगणार, कपाळ? लेक माझ्याकडे बघत राहिली. नवरोबा ताट घेऊन उठले. नंतर दोनदा विचारलं, काय म्हणालात हो त्याला? तर म्हणे, राहू दे. एवढ्याशा गोष्टीवरून इतकं काय मनाला लावून घ्यायचं! पण पँटवाल्याचं पुढे काय झालं ते मला कळलंच नाही, आणि ते आता विचारायची सोयही राहिली नाही.

८ एप्रिल, सोमवार

मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. नावापुढे 'समन्वयक' लागलं. कशाचा समन्वय करायचा ते कुणी सांगितलं नाही. तक्ता अजून तसाच आहे, फाइलमध्ये.

आज साहेबांनी मास्तरांच्या मांडीवरच्या ठेक्याची नक्कल केली. टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "आमच्या चाचणी विभागात तबला फुकट शिकवतात." मी हसले. सगळ्यांच्या आधी हसले. मास्तरांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि पुढचा सबंध वेळ त्यांनी तो टेबलाच्या कडेला धरून ठेवला. मग त्यांना एकही वाक्य पुरं करता आलं नाही. होयबानं त्यांच्या हातातला कागद घेऊन वाचून टाकला.

घरी आले तर सासूबाई निवांत बसल्या होत्या. मला कुणाचा तरी फोन आला, त्यावर मी हसले. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "पूर्वी तू हसलीस की मला राग यायचा. आता तू हसलीस की मी दाराकडे बघते, कोण आलंय म्हणून."

म्हातारं माणूस, जाऊ दे, असं म्हणून आत गेले. पण ते वाक्य माझ्याबरोबर आत आलं.

१० एप्रिल, बुधवार

मास्तर आता चहाला येत नाहीत. चाचणीचे निकाल सांगायला आधी फोन करायचे, आता चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीच्या खाली पूर्वी 'कळावे ताई' लिहायचे. आज नुसतंच 'कळावे' होतं. मी शहाणी, चिठ्ठी उलटून मागेसुद्धा पाहिलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आज एका दुकानदाराचा फोन आला. आमच्या नव्या शिडीवरून एक आजी पडल्या. दिवा बदलायला चढल्या होत्या, फार वर नाही, पण शिडीच्या मधली खिट्टी सरकली आणि शिडी मिटली. मनगट मोडलं. खिट्टी म्हणजे शिडी उघडल्यावर तिला मिटू देत नाही ती कडी. मी नेहमीसारखी गोड बोलायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "बाई, मला साखर नको, उत्तर पाहिजे."

तडक मास्तरांकडे गेले. मला बघून उठून उभे राहिले, जशी मी साहेबच. मी सांगू लागले, तोवर त्यांनी कोपऱ्यातली शिडी ओढून उघडली, खिट्टी लावली आणि खालून हातानं नुसता एक हिसका दिला. खिट्टी सुटली. पुन्हा लावली, पुन्हा हिसका. चार-पाचदा धरते आणि मग एकदा सुटते, भरवसा नाही.

ही नवी खिट्टी साहेबांनी स्वतः निवडली आहे. पातळ, चपटी, दिसायला देखणी. जुनी जाड होती, साहेबांना ती गावठी वाटायची. ती निवडली त्या दिवशी होयबा म्हणाला होता, "साहेब, ही खिट्टी नाही, दागिना आहे." मग कोण बोलणार? मास्तर दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा तबल्याचा विनोद झाला. तबल्याला कोण हसलं, ते त्यांनी काही म्हटलं नाही.

एकोणतीस तारखेच्या बैठकीत उन्हाळ्याचा मोठा माल पाठवायचं ठरणार आहे, सगळा ह्याच खिट्टीचा. मास्तर शिडी घेऊन वर येणार आणि सगळ्यांसमोर हिसका देऊन दाखवणार. मला म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना फार वेळ लागला, मीही मध्ये बोलले नाही, "ताई, तुम्ही काही ब... बोलू नका. माझी बाजू घ्या असं म्हणत नाही. फक्त ह... हसू नका. तुम्ही नाही हसलात तर कुणी हसायचं नाही. तेवढ्यात मी बोलून घेईन."

"लेकीची शपथ, मास्तर," म्हटलं.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी आरशासमोर उभी राहून तोंड बंद ठेवायचा सराव केला. नवरोबा म्हणाले, "दात दुखतोय का?" सगळं सांगितलं त्यांना. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "न हसण्याला सराव कशाला लागतो गं? हसण्याला लागतो."

तसं मला काही अवघड वाटत नाही. उद्या काय, खाली मान घालून बसायचं. कडू औषध गिळायचं नाही, डोंगर चढायचा नाही.

२९ एप्रिल, सोमवार

बैठक झाली. डोकं दुखतंय. लवकर पडते.

३० एप्रिल, मंगळवार

मास्तर आज आले नाहीत.

कालचं लिहायला बसले आणि उठून भांडी घासली. भांडी घासलेलीच होती.

१ मे, बुधवार

लिहिते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मास्तर शिडी घेऊन आले. स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. शिडी टेबलाशेजारी उघडून ठेवली. हात मांडीवर होता, कोण काय म्हणेल ह्याची पर्वा न करता ठेका धरला होता. "साहेब, आपली ही नवी..." इथपर्यंत स्वच्छ आले. मग खिट्टीचा 'ख' आला.

मी टेबलाकडे बघत होते. खरं सांगते, मला हसू येत नव्हतं. हसूचा मागमूस नव्हता. मी मनात म्हणत होते, मास्तर, ठेका धरा, येतोय, येतोय. बोट चालू होतं. मी वर पाहिलं. त्यांची हनुवटी वर जायला लागली होती. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, हनुवटी वर गेली म्हणजे शब्द आलाच.

आणि साहेबांनी चष्मा काढला.

आणि मी हसले.

विनोद झालाच नव्हता. साहेबांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. त्यांचा हात चष्म्याला लागला आणि माझ्या पोटातून ते हसू आपलंआपण वर आलं. चांगलं खणखणीत, भिंतीवर आपटून परत येणारं. मी स्वतःच ऐकलं तेव्हा मला कळलं की मी हसतेय. मग होयबा हसला. मग सगळे. साहेबांनी दचकून इकडेतिकडे बघितलं, काय झालं ते त्यांना कळेना, मग तेही हसले. न झालेल्या विनोदाला आमची आख्खी कंपनी हसली.

मास्तर माझ्याकडे बघतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी बघितलंच नाही. बघितलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शिडी मिटली, काखेत घेतली आणि दाराशी गेले. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात कागद, दार काही उघडेना. कुणी उठलं नाही. माझी खुर्ची दाराच्या सगळ्यात जवळ होती. मीसुद्धा उठले नाही.

साहेब म्हणाले, "चला, पुढचा विषय." माल पाठवायचं ठरलं.

शपथ घेतली होती मी. रात्री लेकीचं अंग जरा कोमट लागलं तर उठून बसले. काही नव्हतं, पांघरूण जाड होतं.

६ मे, सोमवार

मास्तरांचा राजीनामा आला. तब्येतीचं कारण. टपालानं पाठवला, स्वतः आले नाहीत.

होयबा जिन्यावर भेटला. "काय वेळ साधलीत त्या दिवशी! साहेब बोलायच्या आधीच! मी इतकी वर्षं करतोय, मला नाही जमलं बुवा." तो खरोखर कौतुक करत होता. मी बायकांच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

बैठकीत साहेबांनी दोन किस्से सांगितले. दोन्ही वेळा मी हसले. म्हणजे आता पाहा, एवढं होऊनसुद्धा! माझी मलाच किळस आली. टेबल, खिडकी, 'समन्वयक', सगळं एकीकडे. पण खरी भीती ते जाण्याची नव्हती. मला वाटायचं, आपण एकदा हसलो नाही तर काहीतरी भयंकर होईल. काय होईल ते कधी धड विचारात आणलं नव्हतं. नुसतं काहीतरी होईल.

९ मे, गुरुवार

आणखी एक तक्रार आली. ह्या वेळी एक गृहस्थ, पाय मुरगळला, सुजून भोपळा झाला. साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. दार लोटून घेतलं. किस्सा नव्हता. थकलेले दिसत होते.

"काय हो, मास्तर त्या दिवशी नेमकं काय सांगणार होते?"

मला वाटलं जमीन दुभंगावी.

"मी चष्मा पुसायला काढला. म्हटलं, माणूस शिडी उचलून वर घेऊन आलाय, नीट बघावं, नीट विचारावं. तर तुम्ही हसलात. तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलेलं. म्हटलं, ह्यांना ठाऊक असणार, म्हातारा उगाच राईचा पर्वत करतोय. म्हणून सोडून दिलं." मग टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "मला इथे कुणी काही सांगतच नाही."

म्हणजे साहेब ऐकणार होते. त्या दिवशी, बहुधा पहिल्यांदाच, ऐकणार होते. आणि मी त्यांच्या आड आले. इतके दिवस मी मनाला समजावत होते की मी काय, मी नुसती हसते, ठरवणारे ते. तर ते म्हणतात, तुम्ही हसलात म्हणून मी ठरवलं.

त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं, एवढंच करायचं होतं. दार बंद होतं, ते स्वतः विचारत होते, दुसरं कुणी नव्हतं. मी काय केलं? हसले. मोठ्यानं नाही, बारीक, ओशाळं. "बघते विचारून," म्हणाले आणि बाहेर आले.

कुणाला विचारणार होते मी?

घरी नवरोबांना सांगताना रडू कोसळलं. त्यांनी समजूत घातली नाही. दुकानातून घरी आणलेली शिलाई चालूच होती. मग मशीन थांबवून म्हणाले, "उसवायचं असेल तर जिथे चुकीचा टाका पडला तिथूनच उसवावं लागतं. भलतीकडून ओढलं की कापड फाटतं." शिंपी माणूस, दुसरं काय म्हणणार! पण तो टाका बैठकीत पडला होता, हे मला कळत होतं.

१३ मे, सोमवार

वर जाताना स्टोअरमधून शिडी घेतली. होयबा म्हणाला, "आज काही सजावट आहे का?" मी जिना चढत राहिले.

साहेबांनी किस्सा सुरू करायच्या आधीच उभी राहिले. म्हटलं, "मास्तर सांगणार होते ते मी सांगते. नवी खिट्टी सुटते. आणि त्या दिवशी विनोद झाला नव्हता. मी उगाच हसले. चूक माझी आहे." मग शिडी उघडली, हिसका दिला. पहिल्यांदा सुटली नाही. दुसऱ्यांदा नाही. कुणीतरी खुर्चीत हललं. मला मास्तरांचा हात आठवला, खालून आणि जरा तिरका. तसा दिला आणि शिडी खाडकन मिटली.

मी वाट बघत होते. आता होणार, ते जे काही भयंकर असतं ते.

साहेबांनी उठून शिडी उघडली, स्वतः हिसका देऊन बघितला. मग म्हणाले, "जुनी खिट्टी किती दिवसांत बसवता येईल?" होयबा म्हणाला, "साहेब, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." माल थांबवायचा, दुकानांतून परत मागवायचा, जुनी खिट्टी लावायची, सगळं ठरलं. चहा आला. साहेब मला म्हणाले, "मास्तरांना परत यायला सांगा. तुमचं ऐकतील ते."

झालं. एवढंच. कुणी ओरडलं नाही, टेबल काढून घेतलं नाही, आभाळ कोसळलं नाही. पाहिलं तर सगळ्याला चहा निवायलाही वेळ लागला नाही. इतकं सोपं होतं. हे इतकं सोपं होतं, हेच सगळ्यात मोठं ओझं झालंय. अवघड असतं तर तोंड लपवायला जागा तरी असती.

१५ मे, बुधवार

ऑफिस सुटल्यावर मास्तरांकडे गेले. चार जिने चढून वर. दार बंद होतं, पण दारावरची झरोक्याची काच उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. नवराबायकोचं भांडण चाललं होतं.

"अगं, टॉवेल असा उभा नाही, आडवा दुमडायचा! तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्य गेलं, पण तुझी एक घडी सरळ पडली नाही. आण इकडे. आणि ती खुर्ची खिडकीखालून काढ आधी, खाली कुणाच्या डोक्यात पडेल!"

"मग घाला की तुम्हीच घड्या. आता रिकामेच आहात."

"घालतोच! बघ आणि शिक. चार माणसांत दाखवता येईल अशी घडी असते ही, तुझ्यासारखं बोचकं नव्हे."

मी पायरीवर खिळून उभी राहिले. मास्तरांचा आवाज होता. खुर्ची म्हणाले, खिडकी म्हणाले, खाली म्हणाले, कुठे अडकणं नाही, ठेका नाही. भरभर, झणझणीत, बायकोवर तोंडसुख घेत. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. हे घरात असे बोलतात, हे मला माहीतच नव्हतं. ऐकत राहावंसं वाटत होतं. पण बातमी चांगली होती, म्हणून बेल वाजवली.

"कोण?" बाईंनी आतूनच विचारलं. मी सांगितलं, कंपनीतून आलेय.

आतला आवाज बंद झाला.

दार उघडलं. मास्तर मागे उभे होते, हातात अर्धवट दुमडलेला टॉवेल. मला बघून मान हलवली, या म्हणायला ओठ उघडले, पण 'या' काही आला नाही. 'या'!

मी उभ्याउभ्याच सांगितलं. माल थांबवला, जुनी खिट्टी लावणार, साहेब परत बोलावताहेत. पहिलं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. अगदी तसा, मला पहिला स्क्रू पिळता आला तेव्हा उजळला होता तसा. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. "क... कि..." टॉवेलवर बोट ठेका धरायला लागलं. मी गप्प उभी. हात बांधून, चेहरा सरळ ठेवून, लागेल तितका वेळ थांबायची तयारी ठेवून. बोट चालत राहिलं. हनुवटी वर गेली नाही. शेवटी त्यांनी बाईंकडे बघितलं.

"किती जणांना लागलं, असं विचारताहेत," बाई म्हणाल्या.

"त्या आजी, आणि नंतर एक गृहस्थ," म्हटलं. "दोघंही आता बरी आहेत."

त्यांनी हुश्श केलं.

"आणि कामावर?"

मास्तरांनी मान हलवली. बाईच म्हणाल्या, "नाही येणार ते. बसा ना, चहा टाकते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मी कोण ते त्यांना ठाऊक होतं.

"मास्तर, मी चुकले हो," म्हटलं. "शपथ घेऊन हसले."

त्यांनी हात वर करून असू दे, असू दे, अशी खूण केली. मग काही बोलायला गेले, पुन्हा गेले, आणि सोडून दिलं. टॉवेलची राहिलेली घडी पुरी केली. आडवी, सरळ, चार माणसांत दाखवता येईल अशी. मी चहा नको म्हटलं आणि निघाले.

वाटलं होतं, माझी पाठ फिरली की भांडण पुन्हा सुरू होईल. खालच्या वळणावर कठड्याला धरून बराच वेळ थांबले. झरोका उघडाच होता. वरून एकट्या बाईंचाच आवाज येत होता.